परीक्षा देतो कोण, घेतो कोण?

फळ्यावर एक साधे वाक्य लिहा : 'मी उद्या गणिताची परीक्षा देणार आहे.' नववी-दहावीच्या मुलांना त्याचे इंग्रजी करायला सांगा. बहुतेक वह्यांमध्ये 'गिव्ह' हे क्रियापद सापडेल. देणे म्हणजे गिव्ह, हे तर अगदी लहानपणापासून पाठ असते. पण इंग्लंड-अमेरिकेतला विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे घेतो. इंग्लंडात तो परीक्षेला 'सिट'ही करतो, म्हणजे बसतो (परीक्षेला आपणही बसतोच; तेवढ्यापुरते दोन्ही भाषांचे जमते). 'गिव्ह' करतात ते शिक्षक. मराठीत बरोबर उलटे आहे : शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी ती देतात. प्रसंग तोच, माणसेही तीच, पण देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झालेली. 'आय ॲम गिव्हिंग अ टेस्ट टुमॉरो' असे आपला विद्यार्थी परदेशात म्हणाला, तर ऐकणारा त्याला शिक्षक समजेल.

आता या वाक्याकडे जरा बारकाईने पाहू या. विद्यार्थ्याला 'गिव्ह' येत होते, 'एक्झॅम' येत होते, दोन्हींचे स्पेलिंग येत होते. कोणत्याही शब्दार्थांच्या चाचणीत त्याला दोन्ही शब्दांचे पूर्ण गुण मिळाले असते. आणि तरीही वाक्य चुकले. शब्दसंग्रह वाढावा म्हणून आपण मुलांना शब्द आणि त्यांचे अर्थ यांच्या लांब याद्या देतो. या वाक्यात जे कमी पडले, ते त्या यादीत कुठेच नसते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे वर्षे वाढली, पुस्तके वाढली. तरीही मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगा अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत किंवा पुढे आमच्याकडे संशोधनासाठी आला, की पहिले काही महिने गप्प बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याला विज्ञान येत नसते असे नाही. 'फोटोसिंथेसिस'सारखे जड शब्दही त्याने कधीच पाठ केलेले असतात. तो अडतो ते छोट्या, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांशी. म्हणून या लेखासाठी मी मुद्दाम शाळेच्या आवारातलेच शब्द घेतले आहेत.

मराठी झालेले इंग्रजी शब्द

शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून कान दिला, तर दर दोन वाक्यांत एक इंग्रजी शब्द ऐकू येतो. ऑफ तास, रफ वही, हॉल तिकीट, गॅदरिंग, गाइड, क्लास, ट्यूशन, कॉपी, रिझल्ट. हे शब्द इंग्रजी शिक्षणपद्धतीबरोबर आले, इथे रुळले आणि मराठी झाले. मराठी झाले म्हणजे त्यांनी इथे आपापला वेगळा अर्थ धरला. त्यात वाईट काही नाही; भाषा अशाच वाढतात. अडचण येते ती असा शब्द परत इंग्रजी वाक्यात पाठवताना.

'कॉपी' घ्या. आपल्याकडे हा शब्द ऐकला की परीक्षेतला गैरप्रकार डोळ्यांसमोर येतो. 'कॉपीमुक्त परीक्षा' अशी मोहीमच असते. हिंदी प्रदेशात कॉपी म्हणजे वही. इंग्रजीत मात्र 'कॉपी द डायग्राम' ही शिक्षकाची अगदी निरुपद्रवी सूचना आहे : फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घ्या. परीक्षेतल्या लबाडीला तिथे 'चीटिंग' म्हणतात.

'कंपास'चीही अशीच गंमत आहे. आपल्याकडे कंपास म्हणजे कर्कटक, कोनमापक, गुण्या, पट्टी आणि खोडरबर यांच्यासकट सगळी पत्र्याची पेटी. इंग्रजीत तो शब्द एकतर होकायंत्रासाठी आहे किंवा नुसत्या कर्कटकासाठी. पेटीला तिथे वेगळा शब्द लागतो.

'ट्यूशन' हा शब्द तर पैशांच्या बाबतीत चकवा देऊ शकतो. आपल्याकडे ट्यूशन म्हणजे खासगी शिकवणी. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ शिकवणे, विशेषतः एकेकट्याला किंवा लहान गटाला. अमेरिकेत मात्र 'ट्यूशन' म्हणजे थेट फी. तिथल्या विद्यापीठाच्या पत्रात 'ट्यूशन वेव्हर' मिळाल्याचे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ शिकवणी माफ असा नसून शिक्षणशुल्क माफ असा आहे. त्याच पत्रात 'ग्रॅज्युएट स्टुडंट' असेल, तर तो पदवी मिळवून पुढचे शिकणारा. पदवीसाठी शिकणारा तो 'अंडरग्रॅज्युएट'. आपल्या घरी 'मुलगा ग्रॅज्युएट झाला' म्हणजे शिक्षण संपले. तिथे ग्रॅज्युएट स्टुडंटचे खरे कष्ट तेव्हा सुरू होतात.

'पब्लिक स्कूल' या शब्दाने तर इंग्लंडबाहेरच्या सर्वांनाच फसवले आहे. इंग्लंडातील ईटन किंवा हॅरो या पब्लिक स्कूल म्हणजे भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळा. अमेरिकेतली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी शाळा. आपल्याकडच्या पाट्यांवरील 'पब्लिक स्कूल' कोणाच्या वळणावर गेले आहे, ते वाचकांनी फीच्या पावतीवरून ठरवावे.

'पास आउट' हा आणखी एक. 'मी २०१५ साली पास आउट झालो' असे आपण सर्रास बोलतो. इंग्लंडात सैनिकी प्रबोधिनीतील छात्र शिक्षण संपवून 'पास आउट' होतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील 'पासिंग आउट परेड' हे नाव त्या अर्थी अचूक आहे. इतर सर्व ठिकाणी 'पास आउट होणे' म्हणजे भोवळ येऊन पडणे. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यासाठी 'ग्रॅज्युएट' हे क्रियापद आहे.

काही शब्दांच्या मागे इतिहास आहे. घरातले आजोबा 'आमच्या वेळची मॅट्रिक' म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात शाळेची शेवटची परीक्षा असते. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध नोंदवहीशी आहे. 'मॅट्रिक्युलेशन' म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे, म्हणजे शेवट नसून सुरुवात. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. विद्यापीठात शिरण्याची ती परीक्षा होती. पण बहुसंख्य मुलांचे शिक्षण तिथेच थांबत असल्यामुळे लोकांच्या दृष्टीने ती शेवटची परीक्षा ठरली. दाराला आपण भिंत समजलो, आणि शब्दाचा अर्थही तसाच झाला.

'केटी लागली' हा शब्दप्रयोग इतका मराठी वाटतो, की त्यामागे 'अलाउड टु कीप टर्म्स' आहे हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. 'टर्म कीप करणे' म्हणजे ठरावीक सत्रात हजेरी पुरी करणे. लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी अशा बारा टर्म्स 'कीप' कराव्या लागत आणि त्यासाठी तिथल्या भोजनांना हजर राहावे लागे. गांधीजींनी आत्मचरित्रात याचे वर्णन केले आहे. म्हणजे मुळात हा परवानगीचा शब्द आहे : एखादा विषय राहिला तरी तुम्हाला पुढचे सत्र पुरे करू दिले जाते. आपल्याकडे मात्र केटी 'लागते', जशी ठेच लागते.

शंका आहे, सर

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'डाऊट'. 'सर, आय हॅव अ डाऊट' हे वाक्य भारतातल्या प्रत्येक वर्गात ऐकू येते. मराठी 'शंका' दोन कामे करते. न समजलेले विचारायचे असेल तरी शंका, आणि एखाद्या गोष्टीवर विश्वास बसत नसेल तरी शंकाच. इंग्रजी 'डाऊट' फक्त दुसरे काम करतो. पहिल्यासाठी 'क्वेश्चन' आहे.

परिसंवादात हा फरक चांगलाच जाणवतो. परदेशी वक्त्याचे भाषण संपते, आपला विद्यार्थी उभा राहतो आणि नम्रपणे म्हणतो की तुमच्या दुसऱ्या आलेखाविषयी मला 'डाऊट' आहे. वक्ता सावध होतो आणि आपली मोजमापे किती काटेकोर होती ते सांगू लागतो. विद्यार्थ्याला मात्र उभ्या अक्षावर काय आहे एवढेच विचारायचे असते.

खरी गुंतागुंत पुढे आहे. इंग्रजीत 'सस्पेक्ट' असा आणखी एक शब्द आहे आणि त्याचेही मराठी आपण 'शंका' किंवा 'संशय' असेच करतो. 'आय सस्पेक्ट ही इज इल' म्हणजे तो आजारी असावा असे मला वाटते. 'आय डाऊट ही इज इल' म्हणजे तो आजारी असेल असे मला वाटत नाही. दोन वाक्ये परस्परविरुद्ध आहेत आणि आपल्या यादीत दोन्ही शब्दांसमोर एकच अर्थ लिहिलेला असतो. शोधनिबंधात 'वुई सस्पेक्ट' असे आले, तर लेखक जपून का होईना, काही विधान करीत असतो. तिथे 'डाऊट' आले, तर तो ते विधान नाकारीत असतो. विज्ञान वाचणाऱ्याने इथे गल्लत केली, तर निष्कर्षच उलटा होतो.

शब्दाचे सोबती

शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ओळखावा, असा विचार इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात मांडला. हे फर्थ १९२०च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर बसतो, हे ठरलेले असते आणि त्याला नेहमी कारण देता येतेच असे नाही. मराठीत आपण आंघोळ 'करतो', पण झोप 'घेतो' आणि शिंक 'देतो'. शिंक करतो असे का म्हणत नाही, याला उत्तर नाही. आपण ते आईकडून तसे ऐकले, इतकेच.

इंग्रजीतही तसेच आहे. गृहपाठ 'डू' करायचा, चूक 'मेक' करायची, टिपणे 'टेक' करायची, व्याख्यान 'अटेंड' करायचे, लक्ष 'पे' करायचे. मराठीत गृहपाठही करतात, चूकही करतात. म्हणून मुले 'डू' आणि 'मेक' यांच्यात सतत गोंधळतात. आपण लक्ष 'देतो', इंग्रज ते 'चुकते करतो', म्हणजे त्याची किंमत मोजतो. लक्षाला किंमत असते ही कल्पना मुलांना आवडते, आणि एकदा आवडली की 'पे अटेन्शन' विसरत नाही.

रोजच्या वाक्प्रचारांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. काही दोन्ही भाषांत सारखेच आहेत : आपण एखाद्याला धडा शिकवतो, इंग्रजही 'टीच अ लेसन' म्हणतो, आणि दोघांनाही त्यात पुस्तक अभिप्रेत नसते. काहींत कल्पना तीच, चित्र वेगळे. आपण रात्रीचा दिवस करतो, इंग्रज मध्यरात्रीचे तेल जाळतो. आपली मुले तासाला दांडी मारतात, तिथली 'ट्रूअन्ट' खेळतात. आपण पोपटपंची म्हणतो, तेही 'पॅरट फॅशन' म्हणतात. बिचारा पोपट दोन्हीकडे बदनाम आहे. पाठ केलेली कविता आपल्याकडे तोंडपाठ, मुखोद्गत किंवा कंठस्थ असते. इंग्रजीत ती 'बाय हार्ट', म्हणजे हृदयात असते. विचार आणि संवेदना यांचे स्थान हृदय आहे, असे ॲरिस्टॉटल मानत असे. मेंदूचे काम कळून कितीतरी काळ लोटला, तरी हृदयाची ही जागा भाषेत शाबूत आहे. काही शब्दांना मात्र जोडच नाही. 'ढ' मुलगा याचे इंग्रजी कोणी करून दाखवावे! अशोककालीन ब्राह्मीपासून ढ हे अक्षर जवळजवळ बदललेले नाही. वर्षानुवर्षे जागचा न हलणारा तो ढ, अशी त्याची व्युत्पत्ती गमतीने सांगतात.

वाक्प्रचारांच्या जाडजूड पुस्तकांवर मात्र माझा विश्वास नाही. शेकडो वाक्प्रचार पाठ केलेली मुले ते निबंधात कुठेही घुसवतात. आधी रोजच्या सोबत्यांच्या जोड्या पक्क्या कराव्यात. वाक्प्रचार वाचताना भेटतील तसे घ्यावेत.

कोणते शब्द आधी?

इंग्रजीत शब्द लाखांनी आहेत. सुरुवात कुठून करायची? या प्रश्नावर काम करणाऱ्यांपैकी एक, मायकेल वेस्ट, हे भारतीय शिक्षण सेवेतील अधिकारी होते आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, पण त्यांना साधे पुस्तक वाचता येत नाही, हे पाहून त्यांनी मोजक्या शब्दांतली वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात आढळतो, हेही तिच्यात दिले होते. शब्द एक, पण अर्थ अनेक, आणि ते सारखे महत्त्वाचे नाहीत, ही जाण त्या यादीत आहे. आपल्या पाठामागच्या याद्यांत ती क्वचितच दिसते.

न्यूझीलंडमधील संशोधिका ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली दुसरी उपयुक्त यादी दिली. विद्यापीठात वाचावे लागणारे सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन त्यांनी संगणकावर तपासले आणि वेस्ट यांच्या यादीबाहेरचे, पण सर्व विषयांत वारंवार येणारे शब्द वेगळे काढले. असे फक्त ५७० शब्दगट निघाले. 'डिराइव्ह', 'डिराइव्ह्ड', 'डेरिव्हेशन' हा एक गट, अशा हिशेबाने. एवढे गट त्या लेखनाचा जवळजवळ दहावा भाग व्यापतात. 'अझ्यूम', 'एस्टिमेट', 'एव्हिडन्स', 'इंडिकेट', 'सिग्निफिकंट', 'व्हेरी' हे त्यांतले काही. हे भौतिकीचे शब्द नव्हेत आणि इतिहासाचेही नव्हेत. म्हणूनच ते शिकवणे कोणालाच आपले काम वाटत नाही. विज्ञानाचे शिक्षक समजतात इंग्रजीचे शिक्षक शिकवतील, आणि इंग्रजीच्या शिक्षकांपुढे धडे-कवितांचा अभ्यासक्रम असतो.

ही अडचण फक्त आपली आहे असेही नाही. ग्लासगोचे ए. एच. जॉन्स्टन आणि जे. आर. टी. कॅसल्स यांनी १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या शाळांत पाहणी केली. त्यांना असे आढळले, की इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही विज्ञानातल्या अ-तांत्रिक शब्दांवर अडखळतात. 'व्होलाटाइल' म्हणजे सहज वाफ होणारा. पण मुलांना त्याचा अर्थ अस्थिर किंवा स्फोटक असा वाटत होता. मातृभाषिकांची ही स्थिती, तर आपल्या मुलांना दोष का द्यावा?

आपल्या प्रश्नपत्रिका या दृष्टीने वाचून पाहाव्यात. 'स्टेट' म्हटले की नुसते सांगायचे, कारणे नकोत. 'एक्स्प्लेन' आणि 'जस्टिफाय' यांत कारणे हवीत. 'डिस्कस' म्हणजे चर्चा खरी, पण शेजाऱ्याशी नव्हे. दोन्ही बाजू मांडायच्या. 'गिव्ह ॲन अकाउंट ऑफ' म्हणजे वर्णन करा, तर 'अकाउंट फॉर' म्हणजे असे का होते ते सांगा. या दोन्हींचा बँकेतल्या अकाउंटशी काही संबंध नाही, आणि एका छोट्या अव्ययाने प्रश्न संपूर्ण बदलतो. 'शो दॅट' असेल तर उत्तर आधीच दिलेले असते, गुण वाटेचे असतात. पुष्कळ मुले दिलेले उत्तरच परत लिहून मोकळी होतात. 'हेन्स' आले की आत्ताच काढलेले उत्तर पुढे वापरायचे. ते न कळलेला मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि वेळ घालवतो. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. हा एक शब्द निसटला, तर दोन वस्तुमाने आणि दोन वेग यांच्या जोड्याच चुकतात आणि गणित येत असूनही उत्तर चुकते. अशा मुलाला 'गणित कच्चे आहे' असा शेरा मिळतो.

स्मरणाचे गणित

शब्द निवडले, त्यांच्या सोबत्यांसह निवडले. ते डोक्यात टिकणार कसे? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली विस्मरणाची पहिली पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. प्रयोगासाठी माणूस एकच, ते स्वतः. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करीत आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागला ते मोजत. वाचलेला वेळ हे त्यांचे स्मरणाचे माप. वीसेक मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे घसरण सुरुवातीलाच जोराची असते, मग ती मंदावते. हाताखाली दुसरा माणूस न घेता केलेले हे मोजमाप पुढच्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिले आणि ते बरेचसे जुळले.

आपल्या कामाचा प्रयोग मात्र अलीकडचा, २००८ सालचा आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा शब्द बरोबर आठवला, की पुढे त्याचे काय करायचे, यावरून विद्यार्थ्यांचे गट पाडले होते. एका गटाने असे शब्द पुन्हा पुन्हा वाचले, पण त्यांची चाचणी पुन्हा झाली नाही. दुसऱ्या गटाने ते पुन्हा वाचले नाहीत, पण चाचणीत मात्र दर वेळी आठवून लिहिले. एका आठवड्याने परीक्षा झाली. वाचणाऱ्या गटाला सुमारे ३६ टक्के शब्द आठवले, आठवून लिहिणाऱ्या गटाला ८० टक्के. आणखी एक गट वाचनही करीत होता आणि चाचण्याही देत होता. त्याचे प्रमाणही ८० टक्क्यांच्याच आसपास राहिले. म्हणजे जास्तीच्या वाचनाने फारसे काही पदरात पडले नाही.

याहून बोलकी गोष्ट अशी, की आठवड्यानंतर किती शब्द आठवतील याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी विचारला होता. सर्व गटांनी साधारण निम्मे, असाच अंदाज दिला. कोणती रीत आपल्याला उपयोगी पडते आहे, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. पुन्हा वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असा आपला समज होतो. आपली घोकंपट्टी इथे फसते. 'अभ्यास' या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ पुन्हा पुन्हा करणे असा आहे. पुनरावृत्ती हवीच, पण ती डोळ्यांची नको, आठवण्याची हवी.

वर्गात हे करायला फार काही लागत नाही. जुन्या वह्यांचे कोरे कागद कापून पत्त्याएवढ्या चिठ्ठ्या कराव्यात. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला त्याचे इंग्रजी वाक्य. सुटा शब्द आणि सुटा अर्थ लिहू नये. तसे केले तर 'गिव्ह'चीच कथा पुन्हा घडते. मराठी बाजू वाचून इंग्रजी वाक्य तोंडी किंवा लेखी आठवायचे, मगच चिठ्ठी उलटायची. उलटण्याआधी काही सेकंद डोके खाजवणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे, म्हणून घाई करू देऊ नये. आठवले तर ती चिठ्ठी तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. नाही आठवले तर उद्या. तासाची पहिली पाच मिनिटे पुरतात. गुण देऊ नयेत. गुण आले की मुले चिठ्ठ्या पाठ करून येतील आणि, आपल्याच अर्थाने, कॉपीही करतील.

मराठी बाजू कशाला, सगळे इंग्रजीतूनच का नको, असे काही शिक्षक विचारतील. माझे मत असे, की देतो कोण आणि घेतो कोण हा फरक दोन्ही वाक्ये शेजारी ठेवल्याशिवाय दिसतच नाही. चूक मराठीतून येते, तेव्हा ती पकडायलाही मराठीच उपयोगी पडते.

शब्दकोश घ्यायचा झाला, तर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश शाळेत एक तरी असावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना असा कोश केला आणि तो तिथे १९४२ साली निघाला; ऑक्सफर्डने तो १९४८पासून छापला. आज मिळणाऱ्या अशा सर्व कोशांत शब्दाचे सोबती उदाहरणांसह दिलेले असतात. 'एक्झॅम' उघडले की 'टेक', 'पास', 'फेल' तिथेच बसलेले दिसतात.

पहिल्या आठवड्यासाठी चिठ्ठ्या कोणत्या? मी अशा निवडेन : मी उद्या परीक्षा देणार आहे. मला एक शंका विचारायची आहे. त्याने तीन चुका केल्या. फळ्याकडे लक्ष द्या. आकृती वहीत उतरवून घ्या. त्यांची वस्तुमाने अनुक्रमे दोन आणि पाच किलोग्रॅम आहेत. पुढच्या चिठ्ठ्यांसाठी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घ्या आणि तिच्यातल्या क्रियापदांखाली रेघ मारा. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे. एका प्रश्नपत्रिकेत महिनाभर पुरतील इतक्या चिठ्ठ्या निघतात.